मोजायची दलदल, आणि यंत्राला पाण्याचं वावडं

स्वीडनच्या उत्तर टोकाला, आबिस्कोजवळ, स्टोरडालेन नावाची दलदल आहे. तिथे मी दोन उन्हाळे हा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारा लेझरवाला ॲनालायझर पाठीवर वागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

आधी कौतुक. पूर्वी आम्ही चेंबरमधली (जमिनीवर उपड्या ठेवलेल्या बंद डब्यातली) हवा सिरिंजने ओढायचो, बाटल्या भरायचो आणि संशोधन केंद्रावर नेऊन तपासायचो. एखादं बूच सैल राहिलेलं कळायला दोन दिवस जायचे. इथे दर सेकंदाला आकडा फोनवर येतो. कोरड्या, उंच पालसावर (पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचा, आत गोठलेला उंचवटा) मिथेनची रेघ सपाट पडून राहते. चार पावलांवर, ओल्या कडेला कापूसगवतात चेंबर ठेवला की तीच रेघ २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन) आसपास सुरू होऊन चढतच जाते. या गवताच्या देठांत पोकळ्या असतात, खालचा मिथेन त्यांतून वर येतो. फळीवरून पाय घसरून चिखलात पडला तर बुडबुडे सुटतात आणि रेघ उभी उडी मारते. तेवढं मोजमाप तिथेच रद्द करून पुन्हा घ्यायचं. चेंबर ठेवताना माझा श्वास आत गेला तर कार्बन डायऑक्साइड लगेच चहाडी करतो!

आता रड. वजन दहा-अकरा किलो. तोंडावर डासांची जाळी असताना ते वीस वाटतं. बॅटरी आठ तास म्हणतात, थंडीत मला पाच मिळाले. खरा घोळ जुलैत झाला. आदल्या वर्षी जी कॉलर (चेंबर टेकवायचं, जमिनीत रोवलेलं कडं) पालसाच्या घट्ट जमिनीवर बसवली होती, तिथलं बर्फ वितळून जमीन खचली होती आणि घोटाभर पाणी साचलं होतं. हवा ओढणारी नळी त्यात बुडाली, पंपाने इमानेइतबारे पाणी ओढलं, यंत्र गप्प. सर्व्हिसवाले म्हणाले, पाणी गेलं तर वॉरंटी नाही. दुरुस्तीला सहा आठवडे. अहो, दलदलीत वापरायचं म्हणूनच विकता ना? आमचा अख्खा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा.

मोजमापाला पाचपैकी साडेचार, सर्व्हिसला एक. घेणार असाल तर बॅटऱ्यांचा जादा जोड आणि नळीच्या तोंडाशी पाणी अडवणारी छोटी बाटली पहिल्याच ऑर्डरमध्ये मागवा. मी ती नंतर घरच्या सामानातून बनवली, औषधाच्या बाटलीची. अजून टिकून आहे.