१५० सीसी बाईकचं इंजिन घरी बनवलेल्या ऑफ-रोड कार्टमध्ये: आठ महिने, ११० तासांनंतर

ताकद पुरेल का, ही शंका आधी काढून टाका. १५० सीसी, एअर-कूल्ड, पाच गिअरचं इंजिन माण-खटावच्या मुरमाड माळावर पुरतं आणि पलूसकडच्या काळ्या रानातही पुरतं. खरा त्रास क्लचचा आणि उष्णतेचा. बाईकमध्ये हे इंजिन उघड्या वाऱ्यात असतं. कार्टमध्ये ते सीटमागे पत्र्याआड बसतं आणि चालकासकट २६५ किलो ओढतं.

सगळ्यात मोठा फरक पडला मागच्या स्प्रॉकेटने, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाने. बाईकची जोडी, म्हणजे पुढे १५ आणि मागे ४४ दात, तशीच ठेवली की पहिल्या गिअरलाही क्लच अर्धा दाबूनच चढ घ्यावा लागतो. वीस-पंचवीस मिनिटांत ऑइलला जळका वास येतो, आरपीएम चढतो पण गाडी पुढे सरकत नाही. पुढे १४ आणि मागे ५६ केल्यावर ओढ ३६ टक्क्यांनी वाढली आणि क्लच प्लेट वाचल्या. वेग अर्थातच कमी झाला. ज्या आरपीएमला बाईक ८० ला पळते, तिथे २२ इंची टायरवर कार्ट ५३-५४ ला जाते. माळावर त्याहून जास्त लागतही नाही. फक्त ५६ दाती स्प्रॉकेट सुमारे २५ मिलिमीटर खाली येतं, त्यामुळे त्याच्याखाली ३ मिलिमीटर पत्र्याचं गार्ड हवंच.

क्लच पायाने चालवत असाल तर पेडलखाली स्टॉप बोल्ट लावा. पाय हातापेक्षा कितीतरी जोराने केबल ओढतो, मग केबल ताणून लांबते आणि प्लेट पूर्ण सुटत नाहीत. लिव्हरला २-३ मिलिमीटर मोकळं खेळू द्या, नाहीतर प्लेट पूर्ण बसत नाहीत. ऑइल २०डब्ल्यू५०, डब्यावर जासो एमए (बाईकच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलंच घ्या. बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरतो. ऑइल दर २५ तासांनी बदलतो. इथे किलोमीटर मोजून उपयोग नाही, इंजिन किती तास चाललं ते मोजणारा अवर मीटर बसवा.

फॅनबाबत चूक करू नका. कारच्या रेडिएटरचा फॅन बसवला की बाईकचं चार्जिंग पुरत नाही आणि बॅटरी उतरते. कार्टला ३५ वॅटचा हेडलाइट नाही, तेवढ्यात सव्वा अँपिअरचे दोन छोटे १२ व्होल्टचे फॅन आरामात चालतात. ते थेट सिलिंडरच्या फिनवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर रोखा आणि पत्र्याचा डक्ट करून वारा बाजूला सांडू देऊ नका. फॅनआधी स्पार्क प्लगचं पोर्सेलिन पांढरंफटक निघायचं, म्हणजे इंजिन फार तापायचं, आता फिकट तपकिरी निघतं.

अॅक्सल ३० मिलिमीटरचा, यूसीपी २०६ बेअरिंगवर. चेन सारखी पडू लागली तेव्हा दोष चेनचा नव्हता. बेअरिंगला शाफ्टवर धरून ठेवणारे बिनडोक्याचे ग्रब स्क्रू धक्क्यांनी ढिले होऊन अख्खा अॅक्सल डावीकडे सरकत होता. शाफ्टवर ड्रिलने छोटा खड्डा पाडून स्क्रूचं टोक त्यात बसवलं, बाहेरून लॉक कॉलर लावली, त्यानंतर चेन पडली नाही. ४२८ मापाच्या नव्या चेनचे २० पिच (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत एक पिच) २५४ मिलिमीटर भरतात. २५९ झाले की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. डिफरेन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसल्यामुळे मुरमावर वळताना चाक घसरून भागतं, डांबरावर मात्र तोच पीळ अॅक्सलच्या खाचेतल्या चावीवर (लोखंडी पाचरीवर) येतो. ८ बाय ७ मिलिमीटरची चावी खाचेत घट्ट बसली पाहिजे.

ऊस तुटून गेलेल्या रानात पाचट पसरलेलं असताना कार्ट घालूच नका. तापलेल्या सायलेन्सरच्या बेंडला वाळलेलं पाचट चिकटलं की धूर निघायला वेळ लागत नाही, आणि अॅक्सलला गुंडाळलेलं पाचट बेअरिंगची सीलही खातं. बेंडखाली पत्रा आणि सीटजवळ अग्निशामक, या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नयेत. पेट्रोलची टाकी कार्ब्युरेटरच्या वर हवी. खाली बसवायची झाल्यास पेट्रोल वर खेचणारा व्हॅक्यूम पंप लागतो.

इंजिन घेताना एप्रिल २०२० च्या आधीचं, कार्ब्युरेटरचं बघा. त्यानंतरच्या बीएस-६ (प्रदूषण मानक) इंजिनाबरोबर ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर), सेन्सर आणि टाकीतला पंप, असा सगळा पसारा आणावा लागतो. भंगारातून घेतलं तरी पक्की पावती घ्या आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. कार्ट रस्त्यावर काढता येत नाही, स्वतःच्या किंवा परवानगीच्या रानातच चालवायची. कासच्या पठारावर तर मुळीच नाही, तिथली माती इंच-दोन इंचांची आहे आणि फुलं तिच्यावरच उगवतात.

एक उणीव शेवटपर्यंत राहिली, रिव्हर्स. माळावर दोघं उतरून ढकलतात आणि काम होतं. पावसानंतरच्या काळ्या रानात रुतलेली कार्ट मागे घ्यायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. ज्यांना कृष्णाकाठच्या काळ्या रानातच चालवायची आहे त्यांनी बाईकऐवजी रिक्षाचं इंजिन घ्यावं. त्याला रिव्हर्स असतो, आणि फॅनही मुळातलाच.