घोडबंदरच्या रस्त्यावर जुनी डिझेल एसयूव्ही : दोन वर्षांचा दुरुस्तीचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी मी ठाण्यातच २०१७ सालची, ७८,००० किलोमीटर चाललेली, दीड लिटर डिझेल इंजिनाची कॉम्पॅक्ट एसयूव्ही ५,१०,००० रुपयांना घेतली. कंपनीचे नाव येथे घेत नाही, कारण पुढे सांगितलेली बहुतेक दुखणी नावापेक्षा गाडीच्या वयाची आणि कासारवडवली ते ऐरोली या माझ्या रोजच्या रस्त्याची आहेत. टायर, विमा आणि नेहमीची सर्व्हिस वगळून नुसत्या दुरुस्तीवर आतापर्यंत ८१,००० रुपये गेले, म्हणजे खरेदीच्या किमतीचा जवळजवळ सहावा हिस्सा. आणि त्यातला निम्म्याहून अधिक खर्च एकाच कामाचा आहे.

पहिल्याच पावसाळ्यात पुढच्या बाजूने खडखड सुरू झाली. खड्ड्यात नव्हे, तर पातलीपाड्याजवळच्या पेव्हर ब्लॉकसारख्या बारीक खडबडीत पृष्ठभागावर ती अधिक येई, आणि हे लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा, सैल झाल्याचे लक्षण असते, असे मिस्त्रींनी गाडी वर न घेताच सांगितले. नंतर लिफ्टवर घेऊन त्यांनी लोअर आर्मखाली (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून दाबली, तेव्हा त्याच्या सांध्यातल्या बुशचे रबर मधल्या धातूच्या नळीपासून अर्धवर्तुळाकार फाटून सुटलेले स्पष्ट दिसले. नुसते बुश दाबून बसवता येतात आणि ते स्वस्तही पडते. परंतु आर्मच्या चाकाकडच्या टोकाला असलेल्या बॉल जॉइंटलाही खेळ होता, म्हणून दोन्ही आर्म पूर्ण बदलले. आर्मचे ६,४००, लिंक रॉडचे १,८००, स्ट्रट माउंटचे (शॉकअपच्या वरच्या टोकाचा आधार) ३,०००, मजुरी २,७०० आणि अलाइनमेंट ७०० असे १४,६०० रुपये झाले. शॉकअप गळत नव्हते म्हणून ते बदलू दिले नाहीत, आणि तो निर्णय आजवर योग्य ठरला आहे.

खरा फटका क्लचचा बसला. माजिवडा आणि कापूरबावडीच्या कोंडीत पाऊण तास अर्धा क्लच दाबून गाडी सरकवत राहिले की क्लच प्लेट झिजणारच, याची मला कल्पना होती. तथापि या गाडीत साधे नव्हे, तर ड्युअल मास फ्लायव्हील आहे, याचा अर्थ मला बिल हातात आल्यावर कळला. फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि क्लच यांच्यामधले जड चाक. ड्युअल मास प्रकारात ते दोन भागांचे असते आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा असतात. डिझेल इंजिनाचे हिसके त्या स्प्रिंगा शोषून घेतात, म्हणून गाडी गुळगुळीत चालते. स्प्रिंगा थकल्या की दोन भागांत खेळ वाढतो, इंजिन बंद करताना ‘खळ्ळ’ असा आवाज येतो आणि पहिल्या गिअरमध्ये उचलताना गाडी थरथरते. साधे फ्लायव्हील लेथवर घासून पुन्हा वापरता येते, पण थकलेले ड्युअल मास बहुधा बदलावेच लागते. फ्लायव्हील २७,०००, क्लच सेट ९,५००, क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग ३,८०० आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी ६,२००, एकूण ४६,५०० रुपये. बेअरिंग चालू स्थितीत होते. तरीही ते बदलले, कारण उद्या ते गेले तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागली असती. मी गाडी बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने ती आधीच सुरू करून ठेवली होती, बॉनेट चांगलेच गरम होते, आणि एकदा बंद करून पुन्हा सुरू करा, असे म्हणून तो ‘खळ्ळ’ आवाज तपासायचे मला सुचले नाही.

बाकीची कामे किरकोळ म्हणता येतील. इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडवणारा टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद सर्व्हिस बुकात नव्हती, आणि बेल्ट तुटून पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले तर इंजिनच उघडावे लागते, म्हणून वॉटर पंपासह तो ८,२०० रुपयांत बदलून टाकला. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचून पिकअप मंदावला होता. संथ वाहतुकीत चालणाऱ्या डिझेल गाड्यांना हे होतेच, आणि २,८०० रुपयांत तो साफ झाला. एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्ड उतरवून बदलण्याचे ८,९०० लागले.

एवढे होऊनही गाडीवर माझा राग नाही. गायमुखच्या घाटात चार माणसे आणि सामान घेऊन ती तिसऱ्या गिअरमध्ये तक्रार न करता चढते, आणि खड्ड्यांत तिची उंची उपयोगी पडते. माझी तक्रार आहे ती मी दिलेल्या किमतीबद्दल. क्लचचा अंदाज आधी घेतला असता, तर किमान ४०,००० रुपये कमी करून मागता आले असते. रोजचे अंतर २० किलोमीटरच्या आत आणि तेही कोंडीतले असेल, तर मी आज हीच गाडी पेट्रोलमध्ये शोधेन. तेथे फ्लायव्हील साधे असण्याची शक्यता अधिक, आणि काजळीचा त्रासही एवढा नाही.

सध्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर वेग साठच्या पुढे गेला की मागच्या डाव्या चाकातून हूं असा सूर येतो. तो व्हील बेअरिंगचा आहे, असे मिस्त्रींचे मत आहे. गणपतीनंतर गाडी त्यांच्याकडे सोडणार आहे.