ब्लॉक गुण्यात आणायचे रूलर: आठ महिने वापरून झाल्यावर

भाचीसाठी क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेली गोधडी, करायला घेतली, 12 इंची 30 ब्लॉक म्हणजे चौकोन, आणि पहिले सात ब्लॉक तयार झाल्यावर एकमेकांना जोडायला बसले तर कोपऱ्याला कोपरा लागेना. तेव्हा घरी ट्रॉल्यांचं काम चालू होतं, सुतारकाकांनी सहज त्यांचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, माझ्या ब्लॉकवर ठेवून बघितला आणि म्हणाले ताई, यातला एकही गुण्यात नाहीये. तिथून माझी रूलर, म्हणजे ब्लॉक छाटायच्या पारदर्शक ॲक्रिलिक पट्ट्यांची, खरेदी सुरू झाली, आता चार झालेत आणि खरं सांगायचं तर दोनच लागतात.

आधी माझं डिझाइन सांगते म्हणजे पुढचं कळेल. एका ब्लॉकमध्ये 16 हाफ स्क्वेअर ट्रँगल, म्हणजे अर्धा गडद अर्धा फिका असे चौकोन, चार बाय चार. प्रत्येक शिवून झाल्यावर 3 इंच दिसला पाहिजे, म्हणजे शिवण्याआधी साडेतीन, कारण चारही बाजूंनी पाव इंच शिलाईत जातं. पूर्ण ब्लॉक साडेबारा. आता गंमत बघा, माझी शिलाई पाव इंचापेक्षा अगदी पाव सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त जात होती, दिसतसुद्धा नाही एवढी, पण प्रत्येक शिलाई दोन्ही कापडं खाते म्हणजे झालं अर्धा सूत, एका ओळीत तीन शिलाया, म्हणजे दीड सूत गायब. असा कमी भरलेला ब्लॉक कुठलाच रूलर वाचवू शकत नाही, कापायला कापड तर पाहिजे ना! छोट्या तुकड्यांचंही तेच, म्हणून आता मी सुरुवातीचे चौकोन हिशोबाप्रमाणे 3 इंच 7 सूत न कापता सरळ 4 इंची कापते आणि तिरके शिवून झाले की साडेतीनवर छाटते. कापड थोडं वाया जातं, जाऊ दे.

रूलरचं म्हणाल तर पहिला घेतला साडेबारा इंची चौकोनी, ऑनलाइन, सगळ्यात स्वस्त बघून. पैसे पाण्यात. रेषा वरच्या बाजूला छापलेल्या होत्या आणि ॲक्रिलिक 3 एमएम जाड, त्यामुळे डोकं जरा इकडेतिकडे झालं की रेष कापडावर सरकल्यासारखी दिसते. रेषा कापडाला टेकणाऱ्या बाजूला हव्यात, हे घेताना बघून घ्याच. शिवाय तिसऱ्या महिन्यात 6 च्या पुढचे आकडे पुसायला लागले.

दुसरा एका साइनबोर्डवाल्याकडून लेझरवर कापून घेतला, 45 अंशाची रेष कोरून. कोरलेली रेष पुसली जात नाही हा मोठा फायदा. पण लेझर स्वतः केसभर कापतो, तेवढं माप कमी आलंय. मी सगळे ब्लॉक त्याच एकावर छाटते त्यामुळे सगळे सारखेच कमी, चालतं. मुद्दा हाच की एका क्विल्टला एकच रूलर ठेवा, अर्धे याच्यावर अर्धे त्याच्यावर केलंत की संपलं. आणि खाली ठेवायच्या कटिंग मॅटवरच्या रेषांवर मापं घेऊ नका, मॅट फक्त टेबल वाचवायला. हा रूलर घसरायचा फार, मग मागून चार कोपऱ्यांना पॉलिश पेपरचे टिकलीएवढे तुकडे चिकटवले, तेव्हापासून गप्प बसलाय.

तिसरा मात्र आवडता. ब्लॉक लॉक कंपनीचा, बहिणीने अमेरिकेहून आणला. याच्या खालून कर्णावर एक खाच असते, शिलाईची जाड बाजू त्या खाचेत बसते आणि रूलर हलतच नाही. उजवी आणि वरची बाजू कापायची, तुकडा अर्धा फिरवायचा, कापलेल्या कडा साडेतीनच्या रेषांवर ठेवायच्या, उरलेल्या दोन कापायच्या. मी आधी न फिरवताच चारही बाजू कापत होते, एकदा टोकच उडालं. पण खाच नीट लागायला शिलाई एका बाजूला, गडद कापडाकडे दाबलेली हवी, दोन्हीकडे उघडून इस्त्री करत असाल तर खाचेत धरायला काही उरतच नाही. 480 तुकडे छाटायचे असतील तर पैसे वसूल, एखाददुसरी उशी करायची असेल तर साधा साडेसहा इंची चौकोन पुरे. चौथा तोच आहे, काळ्या पिवळ्या दुहेरी रेषांचा, गडद खणावर पिवळी दिसते आणि फिक्या मलमलवर काळी.

इस्त्रीचंही सांगून टाकते कारण निम्मा वाकडेपणा तिथूनच येतो. तिरकी कापलेली कड ताणली जाते, इस्त्री तिच्यावर फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. गार झाल्याशिवाय छाटू नका. ब्लॉक खरंच चौकोनी झालाय का हे बघायचं तर दोन्ही कर्ण मोजा, साडेबाराला साधारण 17 इंच साडेपाच सूत यायला हवेत, आणि मुख्य म्हणजे दोन्ही सारखे.

आई बघून हसते, तिच्या गोधड्यांना माप म्हणजे वीत, वाकडं आलं की तिथे अजून एक ठिगळ. तिचं बरोबर आहे, चिंध्यांच्या गोधडीत टोकं जुळवायचीच नसतात. माझ्या डिझाइनमध्ये आहेत, काय करणार.

26 ब्लॉक झालेत. ते पहिले सात उसवून परत छाटले, तीन वाचले, चार बारीक झाले म्हणून मागच्या बाजूला लावणार आहे.