कप, कापडी पॅड की बाजारातला पॅड? गोव्यात राहून निवड करताना

पाळीचं रक्त साठवायला योनीत घालायचा सिलिकॉनचा कप (मेन्स्ट्रुअल कप) घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी निदान दोन पाळ्या कागदावर मांडा. अंगावर जायला लागलं तो पहिला दिवस, आणि तिथून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. मोठ्या बाईचं चक्र 21 ते 35 दिवसांचं असणं नेहमीचंच. रोज किती पॅड बदलले, ते पुरते भिजले होते की अर्धे, गाठी पडल्या का, रात्री उठावं लागलं का, एवढं लिहिलं तरी पुरे. अख्ख्या पाळीत सरासरी 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे सहा ते आठ चहाचे चमचे. 80 च्या वर गेलं तर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. तुमचं माप यातलं कुठलं, त्यावर पुढचं बरंच ठरतं.

बाजारातल्या पॅडला शिकावं काहीच लागत नाही, हा त्याचा खरा मोठा गुण. पाच दिवसांची पाळी आणि दिवसाला चार पॅड धरले तर वर्षाला 240 पॅड होतात. एक पॅड आठ रुपयांचा धरला तर 1,920 रुपये. पण गोव्यात अडचण पैशापेक्षा कचऱ्याची. बहुतेक घरांना सेप्टिक टँक आणि सोकपिट (सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) असतं. पॅड संडासात टाकला की आतला जेल पाणी पिऊन फुगतो आणि पाइप तुंबतो. परसात जाळला तर प्लॅस्टिकचा विषारी धूर घरातच येतो. तो कागदात घट्ट गुंडाळून इतर कचऱ्यापासून वेगळा द्यायचा असतो. गुंडाळीवर लाल खूण करा, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईला तो उघडून बघावा लागणार नाही. मे महिन्यात खाऱ्या पाण्याच्या आंघोळीला समुद्रावर जायचं असेल तर पॅड निरुपयोगीच.

कापडी पॅड अंगाला मऊ असतात, काही वर्षं टिकतात आणि आत काही घालावं लागत नाही. धुताना आधी थंड पाण्यात भिजवावे, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. कपडे मऊ करणारं द्रव वापरू नये, त्याने कापड रक्त शोषेनासं होतं. मात्र जून ते सप्टेंबर हे त्यांचे खरे परीक्षेचे महिने. जाड शिवलेला पॅड बाहेरून कोरडा लागतो आणि आतून दमट राहतो, मग खाज आणि बुरशी ठरलेली. त्यात चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून पॅड टॉवेलखाली लपवून वाळत घातला की तो वाळतच नाही. कापडीच हवे असतील तर उलगडून एकपदरी वाळणारे घ्या, पावसाळ्यासाठी सहाऐवजी दहाबारा ठेवा आणि शेवटी दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवा.

कपाला वाळवायची दोरी लागत नाही, फेकायचा कचरा नाही, आणि सकाळ-रात्र अशा दोन वेळा रिकामा केला की बहुतेकींचं भागतं. एरवी कपात 15 ते 30 मिलिलिटर मावतं, पण 12 तासांपेक्षा जास्त वेळ तो आत ठेवू नये. चांगल्या मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा कप काही वर्षं सहज चालतो. 2019 साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये 43 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात कपाची गळती पॅड किंवा टॅम्पॉन (योनीत घालायचा कापसाचा बोळा) इतकी किंवा त्याहून कमी आढळली. पण तोच आढावा सांगतो की हात बसायला काही पाळ्या लागतात. म्हणून पहिल्या पाळीतच निकाल देऊ नका.

माप निवडताना पाकिटावरचं वय आणि बाळंतपण एवढंच बघू नका. पाळीच्या दुसऱ्या दिवशी हात धुऊन मधलं बोट आत घाला. नाकाच्या शेंड्यासारखं जे टणक लागतं ते गर्भाशयाचं तोंड. बोटाच्या पहिल्या-दुसऱ्या पेरालाच लागलं तर आखूड कप घ्या. लांब घेतला तर कपाच्या बुडाची दांडी बाहेर टोचत राहते. फार मऊ कप आत नीट उघडत नाही, फार कडक कप मूत्राशयावर दाबतो आणि लघवी अडल्यासारखी वाटते.

घालताना कडा पाण्याने ओली करा. तेल लावू नका, गरज पडली तर पाण्यावर आधारित जेल वापरा. कडेचा एक भाग आत दाबून टोक अरुंद करा, उकिडवं बसा आणि माकडहाडाच्या दिशेने तिरका सरकवा. सरळ वर ढकलला की तो अडतो आणि दुखतं. आत सोडल्यावर बुडाभोवती बोट फिरवा. कुठे घडी लागली तर कप उघडलेला नाही, आणि गळतो तो बहुतेक याच कारणाने. दुसरं कारण म्हणजे गर्भाशयाचं तोंड कपाच्या बाहेर राहिलेलं. तिसरं, कडेखालची बारीक छिद्रं बुजलेली: कप पाण्याने भरून तळव्याने झाका, उलटा करून दाबा, पाणी छिद्रांतून बाहेर फुटतं.

काढताना नुसती दांडी ओढू नका. कप पोकळीने धरून बसलेला असतो. कुंथून खाली आणा, बूड चिमटीत दाबा, हवा शिरली की हलवत तिरका काढा. लगेच सापडला नाही तरी घाबरू नका, तो पोटात कुठे जाऊ शकत नाही. थोड्या वेळाने अंग सैल सोडून पुन्हा बघा.

रोज रिकामा करताना साधं पाणी किंवा सुगंध नसलेला साबण पुरतो. डेटॉल नको. पाळी संपल्यावर पाच मिनिटं उकळवा, पण तो भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, सिलिकॉन करपतं. अंडं फेटायच्या तारेत अडकवून उकळवणं सोपं जातं. पुरता वाळल्यावर सुती पिशवीत ठेवा. हवाबंद डब्यात, तेही पावसाळ्यात, ठेवला तर वास धरतो.

कॉपर-टी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कप ओढताना ती निसटल्याच्या नोंदी आहेत. बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर किंवा जंतुसंसर्ग असतानाही विचारूनच घाला. कपाने योनिपटल ताणलं जाऊ शकतं, पण त्यावरून मुलीच्या चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. आईने हे मुलीला स्पष्ट सांगावं.

आमचं मत असं. शाळकरी मुलीने आणि आत काही घालायची इच्छा नसलेल्या कुणीही कापडी किंवा साधा पॅडच वापरावा, त्यात कमीपणा नाही. पेडण्याहून पणजीला बसने नोकरीला जाणाऱ्या, पोहणाऱ्या किंवा पावसात कपडे वाळायला जागा नसलेल्या बाईला कप सगळ्यात सोयीचा. सुरुवात सुट्टीच्या दिवशी घरी, सोबत पातळ पॅड लावून करा. कपावर मापाच्या रेघा असतील तर रोजचा आकडा वहीत टाका. त्यात रक्ताबरोबर इतर स्रावही धरलेला असतो, तरी बेरीज दर महिन्याला 80 च्या वर जात असेल, किंवा कप दोन-तीन तासांतच भरत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा आणि ती वही घेऊन गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळी) किंवा जवळच्या सरकारी इस्पितळाच्या स्त्रीरोग विभागात जा. कप आत असताना अचानक तीव्र ताप, उलट्या, चक्कर, अंगावर उन्हाने भाजल्यासारखे लाल चट्टे आले, तर तो तत्काळ काढा आणि थेट इस्पितळ गाठा. हा आजार (टॉक्सिक शॉक सिंड्रोम) फार दुर्मीळ आहे, पण त्यात वाट बघायला वेळ नसतो.