कमांडो पथक की पोलीस ठाण्यातला शिपाई?

२६/११ नंतर महाराष्ट्राने फोर्स वन हे कमांडो पथक उभारलं. निवडक जवान, आधुनिक शस्त्रं, इमारतीत शिरून ओलीस सोडवण्याचा सराव. असं पथक हवंच. नरिमन हाऊससारखी मजल्यामजल्यावरची लढाई बंदोबस्तावरच्या पोलिसाला झेपणारी नाही.

दुसरा मार्ग म्हणजे ठाण्यातल्या प्रत्येकाला तयार करणं. माझा कल इकडेच आहे, कारण पथक येईपर्यंतचा वेळ त्यालाच निभावावा लागतो. केंद्राच्या एनएसजी दलाचे कमांडो मुंबईत पोहोचेपर्यंत रात्र उलटली होती. त्याच रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी घट्ट धरली, गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला.

एवढं धैर्य शिकवता येत नाही. पण आडोसा कसा घ्यायचा, वायरलेसवर मोजक्या शब्दांत काय कळवायचं, जखमी सहकाऱ्याचं रक्त कसं थांबवायचं, हे नक्की शिकवता येतं. अडचण वेळेची. गणपती, निवडणुका, व्हीआयपी दौरे यांतून गोळीबाराच्या सरावाला माणूस सुटतच नाही. ड्युटी लावताना सरावाचे दिवस आधी राखून ठेवावेत, बंदोबस्त त्यानंतर वाटावा.