कडवे वाल की पावटे?

आमच्या घरात हा वाद लग्नापासूनचा आहे. मी साताऱ्याकडचा, म्हणजे पावट्याच्या आमटीवर वाढलेला. बायको अलिबागकडची. तिच्या माहेरी 'वाल' म्हटलं की कडवे वालच, आणि पावटा म्हणजे नाइलाज. दोन्ही एकाच वेलवर्गातले, वनस्पतिशास्त्राच्या लेखी तर एकच जात. पण हे सासुरवाडीत बोलायची सोय नाही.

वर्षाची कडधान्यं भरताना यातलं काय घ्यावं, असं अलीकडे दोघातिघांनी विचारलं. मोड कसे आणायचे वगैरे तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चालतो.

चवीचं आधी उरकतो. पावटा गोडसर आणि पिठूळ. भाजलेला कांदा-खोबरं नि काळा मसाला घातला की रस्सा दाट करतो आणि भाकरीबरोबर बेत जमतो. कडव्या वालाचा दाणा लहान आणि रंगाने तपकिरी. शिजल्यावर शेवटी जिभेवर बारीकसा कडसरपणा राहतो. गूळ, आमसूल आणि ओलं खोबरं यांना त्याच्याशी खेळायला जागा मिळते. त्याला कांदा-लसणाचा मसाला घालू नये असं माझं मत आहे, पण घालणारेही सुखाने जगतात.

आता खरी तक्रार, म्हणजे सोलणं. कडवे वाल रविवारी सकाळी भिजवा, रात्री फडक्यात बांधा, थंडी असेल तर मोड यायला मंगळवार उजाडतो. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरायचा आणि डाळिंबी, म्हणजे आतला सोललेला दाणा, टुपकन बाहेर काढायची. अर्धा किलोला मला पाऊण तास लागतो, बायकोला वीस मिनिटं. पावट्याला हे काही नाही. रात्री भिजवा, सकाळी कुकरला लावा, सालासकट आमटी तयार. कामाच्या दिवशी कोण सोलत बसणार, या एका मुद्द्यावर मी पहिली पाचसहा वर्षं पावट्याच्या बाजूने घरात निवडणूक जिंकत आलो.

हरलो तो गणंगामुळे.

गणंग म्हणजे न शिजणारा दाणा. कडधान्यात काही दाणे पाणीच पीत नाहीत. त्यांचं साल इतकं घट्ट असतं की रात्रभर भिजवूनही दाणा खड्यासारखा तसाच राहतो. माल जुना झाला की आणखी एक भानगड होते. दाणा फुगतो, पण कितीही शिट्ट्या केल्या तरी आतून मऊ होत नाही. पावट्याच्या आमटीत हे दोन्ही बेमालूम लपतात. एका श्रावणात पाहुणे जेवायला असताना माझ्या दाढेखाली असा एक गणंग आला आणि दाढेत भरलेली चांदी सुटून ताटात पडली. पाहुण्यांना वाटलं खडा आहे. बायकोने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीही बोलली नाही. तेच जास्त लागलं. पावटे नेहमीच्याच दुकानातले होते. जुने असावेत, नक्की सांगता येणार नाही.

त्यानंतर लक्षात आलं की ज्या सोलण्याला मी नावं ठेवत होतो तीच निवडणी होती. कडव्या वालाचा प्रत्येक दाणा बोटांखालून जातो. न फुगलेला, मोड न आलेला, किडका, सगळे तिथेच बाजूला पडतात. फुगूनही न शिजणारा दाणा यात सुटू शकतो हे कबूल, पण ज्याला मोड आला त्याच्यावर मी तरी निर्धास्त असतो. इतक्या वर्षांत डाळिंबीच्या उसळीत मला एकदाही गणंग लागलेला नाही. कुणी मोजून पाहिलंय असं नाही, माझ्या दाढेची साक्ष आहे एवढंच.

सालाचंही तसंच आहे. पावट्याचं साल शिजताना सुटून रश्शात तरंगतं, आणि आईला कवळी बसवल्यापासून ती आमटीतून सालं वेचून ताटाच्या कडेला लावते. म्हणजे सोलणं चुकत नाहीच, फक्त ओट्यावरून ताटात येतं.

पावट्यालाही मोड आणून सोलता येतं की, असं कुणी म्हणेल. येतं. मीही करून पाहिलं. पण इतका खटाटोप करायचाच तर कडवे का नकोत? शिवाय माझ्या हातून सोललेला पावटा ढवळताना लगेच मोडला आणि पिठलं झालं. कडवी डाळिंबीही नाजूकच, पण झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवली आणि डाव न घालता पातेलं नुसतं हलवलं तर अख्खी राहते.

खर्चाचं म्हणाल तर कडवे महाग पडतात, आणि अर्धा माल सालांच्या रूपाने कचऱ्यात गेला असं वाटतं. रायगडात हे वाल भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवरच येतात, त्यामुळे नवा माल उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळतो. आम्ही तेव्हाच अलिबागच्या वाटेवर वडखळच्या पुढे रस्त्याकडेला, पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकलेल्या असतात तिथून घेतो. परदेशात असाल तर दुकानातल्या पुडीवर नुसतं 'वाल' लिहिलेलं पाहून फसू नका. आत बहुतेक वेळा मोठे पांढरट गोडे वाल निघतात. आणि वालाची डाळ घेऊन बिरडं, म्हणजे डाळिंबीची उसळ, होत नाही. तिला मोड कुठून येणार?

ज्यांच्याकडे संध्याकाळी सातला घरी येऊन आठला जेवण लागतं, त्यांनी पावटा जरूर ठेवावा. नव्या हंगामाचा आणि ओळखीच्या माणसाकडचा. आमच्याकडेही दोन्ही डबे शेजारी शेजारी आहेत. कडव्या वालांचा डबा या वर्षात दोनदा भरून झाला. पावट्याच्या डब्याचा तळ मात्र दिवाळीपासून कुणी पाहिलेला नाही.