टिळकवाडीतला रविवारचा वर्ग आणि आईचं विडी कार्ड

मी निपाणीची. आई घरी विड्या वळते. माझं एलएलएम (कायद्यातलं पदव्युत्तर शिक्षण) झालंय आणि कायद्याच्या कॉलेजात मानवी हक्क शिकवायचे, हे मी ठरवून टाकलंय. बेळगावात टिळकवाडीत एक निवृत्त प्राध्यापक दर रविवारी दहा ते एक घरीच नेटची, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची, तयारी करून घेतात. चार महिने जाते आहे, म्हणून लिहिते.

आधी एका क्लासला पैसे भरले होते. झेरॉक्सचा गठ्ठा हातात आला आणि पाठांतर सुरू. कलमं पाठ झाली, पण कोणाच्या कामाची ते कळेना.

सरांनी पहिल्याच रविवारी सांगितलं, घरातला एखादा कागद आणा. मी आईचं विडी कामगार कार्ड नेलं. त्या एका कार्डावर दोन तास गेले. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६६ च्या विडी कामगार कायद्यात घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगार धरली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा १९७४ साली वैध ठरवला. तिथून सर गेले १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या कामाच्या हक्काच्या कलम २३ वर, मग भारताने १९७९ मध्ये मान्य केलेल्या आर्थिक-सामाजिक हक्कांच्या करारावर. घरून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९६ चा करार आहे, क्रमांक १७७. त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही. "आता सांग, छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले, तर आईने दाद कुठं मागायची?" असं सरांनी विचारलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा प्रश्न मी लहानपणापासून घरात ऐकलाय.

नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत येते. सर मुद्दा मराठीत फोडून सांगतात, मग तोच आमच्याकडून इंग्रजीत बोलवून घेतात, आणि तालुका कोर्टात लागतो तो कन्नड शब्दही देतात. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारखीला याची किंमत फार.

नोकरीबद्दलही स्पष्ट बोलतात. नेटमध्ये 'मानवी हक्क आणि कर्तव्ये' असा वेगळा विषय आहे, पण लॉ कॉलेजची नोकरी हवी असेल तर 'कायदा' हाच घ्या, म्हणाले. मी तोच घेतला. पूर्णवेळ प्राध्यापक झालं की वकिली थांबवावी लागते; वकिली चालू ठेवून शिकवायचं तर १९७९ च्या नियमांनुसार दिवसाला तीन तासांपर्यंतच. सरांनी तरुणपणी वकिलीची सनद बाजूला ठेवली आणि नोकरीभर शनिवारी कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्रात बसून लोकांचे अर्ज लिहून दिले. आम्हालाही दर आठवड्याला एका पानाचा तक्रार अर्ज लिहायला लावतात. घटनेला वर्ष उलटलं तर मानवी हक्क आयोगाला तक्रारीची चौकशी करता येत नाही, म्हणून तारीख आधी, हे माझ्या हाताला आता बसलंय.

उणं सांगायचं तर नेटच्या पहिल्या, सगळ्या विषयांना सारख्या असलेल्या पेपरची तयारी इथे होत नाही, ती वेगळी करावी लागते. खोली बारा जणांची, पंधरा बसतो. एकचे दोन वाजतात. माझी निपाणीची बस दोनदा चुकली.

फी महिना पाचशे, अडचण असेल तर सर घेत नाहीत. जाणार असाल तर रेशन कार्ड, शेताचा उतारा, पगाराची चिठ्ठी, काहीतरी सोबत न्या. सुरुवात तिथूनच होते.